बाबांची बाइक आणि आयडलिंगचा फंडा

पळताना कुठलीही बाइक बरीच वाटते. तिची खरी तब्येत कळते सिग्नलला. समोर लाल आकडे उलटे मोजतायत, मागे रिक्षावाला उगाचच हॉर्न वाजवतोय आणि तुम्ही अॅक्सिलरेटर सोडलाय. अशा वेळी बाइक एका लयीत 'टुक-टुक' करत उभी राहिली तर टेन्शन नाही. पण आवाज आपोआप चढत असेल, मग मलूल होत असेल आणि हिरवा लागायच्या आधीच 'फट्' करून सगळं शांत होत असेल, तर समजा आयडलिंग बिघडलंय.

आमच्याकडे हे दुखणं बाबांच्या बाइकला झालं. १९९८ ची, १०० सीसी, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, वय ६८. मंडई, बँक, संध्याकाळचा कट्टा, सगळं याच बाइकवर. ती नळ स्टॉपच्या सिग्नलला दोनदा बंद पडली. भर ट्रॅफिकमध्ये किका मारून बाबांना धाप लागली आणि आईने फर्मान काढलं, ''विकून टाका ते धूड!'' भंगारवाला पाच हजार द्यायला तयार होता. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी मंडईत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ''रिक्षाने जा ना,'' म्हटलं तर म्हणाले, ''दोघांना भाजी लागते किती?'' आठवडाभर माणूस सोसायटीच्या गेटबाहेर पडला नाही. बाइक गेली असती तर तिच्याबरोबर बाबांचा कट्टाही गेला असता.

तोपर्यंत बाइक एका गॅरेजला दाखवून झाली होती. तिथे इलाज काय, तर आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली! हा स्क्रू कार्ब्युरेटरमधली हवेची झडप जरा जास्त उघडी ठेवतो, एवढंच. ताप आलेल्या माणसाला पंख्याखाली बसवण्यातला प्रकार. बाइक दोन दिवस बंद पडली नाही, पण सिग्नलला नुसती घोंगावायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हणे, ''कार्ब्युरेटरच बदला.''

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बग शोधताना आमचा एकच नियम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि सोप्या, फुकटातल्या गोष्टीपासून सुरुवात करायची. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. बाबा शेजारी स्टुलावर.

पहिली टेस्ट चकटफू. बाइक चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवायचं. रेस वर-खाली झाली तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेलीय. आमची जराही हलली नाही. केबल पास. एअर फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ होता. मग प्लग. नीट जळणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं दिसतं. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. आमचा पांढुरका!

आणखी एक पुरावा मिळाला. इंजिन गरम असताना थोडा चोक ओढला की बाइक शहाण्यासारखी चालायची. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणजे इंजिनाला एक तर पेट्रोल कमी पडत होतं, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा मिळत होती.

पेट्रोल कमी पडायला कारण असतं स्लो जेट. आयडलिंगचं पेट्रोल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येतं, त्यात कचरा अडकला की संपलं. त्यातून आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळे जुनी बाइक महिनोन्महिने उभी ठेवणं वाईटच. जेट काढला, क्लीनर मारला, हवा मारली. (तार घालायची नाही हं, भोक मोठं होतं.) परत बसवला. फरक शून्य.

उरली फुकटची हवा. कार्ब्युरेटर आणि इंजिन जिथे जोडलेले असतात तिथे रबराची रिंग असते. वर्षानुवर्षं गरम होऊन ती कडक होते, चपटी होते आणि फटीतून हवा आत शिरते. पळताना इंजिन एवढी हवा ओढत असतं, की ही चोरटी हवा त्यात खपून जाते. आयडलिंगला मात्र इंजिनाचा घासच छोटा, त्यामुळे तीच हवा सगळं गणित बिघडवते. ओळखायचं कसं? साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्यायचं आणि चालू इंजिनच्या त्या जोडावर बारीक फवारा मारायचा. गरम इंजिनवर पेट्रोल चुकूनही नाही! पाण्याने फट क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. मी फवारलं आणि इंजिनाचा सूर चक्क बदलला.

नाना पेठेत दुकानदाराने माझ्या हातातली जुनी रिंग उलटसुलट पाहिली. ''ताई, गाडी वडिलांची का?'' म्हणाला. नवी रिंग वडापावच्या भावात मिळाली. बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे, सारखे आवळले. एकच बाजू ताकद लावून पिळली तर जोड वाकतो आणि नवी रिंगही गळते.

आता गॅरेजने चढवलेली रेस उतरवायची होती. अशा इंजिनाचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमला ठेवतात, म्हणजे सेकंदाला जवळपास १२ ठिणग्या कामी येतात. पण बाइकला आरपीएमचा काटाच नाही. पूर्वी बाबा नुसत्या आवाजावर सांगायचे. आता कानाला मशीन आहे आणि इंजिनजवळ त्यात नुसती खरखर येते. त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं, तळहात पेट्रोलच्या टाकीवर टेकवला आणि डोळे मिटले. ''अजून कमी कर. अजून. थोडं वाढव... हां, बस!'' मी फोनवरच्या टॅकोमीटर अॅपने मोजलं. १४०० च्या आसपासच!

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या बाइक्समधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे घरात जुनी बाइक असेल आणि ती सिग्नलला रुसत असेल, तर स्क्रू पिळायच्या आधी केबल, फिल्टर, प्लग, जेट आणि रबर या क्रमाने जा. एवढं करूनही गरम झाल्यावर बंद पडत असेल तर टॅपेट तपासून घ्या, तेही इंजिन पूर्ण थंड असताना.

आईने अजून परवानगी दिलेली नाही. पण काल ती बाबांना म्हणाली, ''येताना कोथिंबीर बघा, इथली फार महाग झालीय.''