क्षोभाची खतावणी

परवा कपाटातील रॉजेटचा इंग्रजी समानार्थकोश वाळवीने निम्मा फस्त केलेला दिसला, आणि वृत्तपत्राच्या कचेरीतील एका वरिष्ठांशी मनातल्या मनात चालवलेला माझा जुना कज्जा पुन्हा उभा राहिला. टेलिप्रिंटरवरून आलेल्या मजकुरात जमाव ‘ॲजिटेटेड’ असो, ‘एक्सायटेड’ असो वा ‘रेस्टिव्ह’ असो, त्यांच्या लाल शाईखालून तो एकजात ‘संतप्त’ होऊनच छापखान्यात जाई. मी कोश उघडून अस्वस्थ, व्याकूळ, बिथरलेला असे पर्याय रुजू करावेत आणि त्यांनी ‘वाचकाला वेळ नाही’ या फर्मानाने ते निकालात काढावेत, हा आमचा नित्यक्रम होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या एका सकाळी मी लालबागला गिरणीच्या फाटकापाशी उभा होतो. साचेखात्यातला एक प्रौढ कामगार पदपथावर उकिडवा बसला होता. मुद्रा निर्विकार, पण उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर एकसारखा फिरत होता, तुटलेला धागा सांधावा तसा, आणि बोटांत धागा मात्र नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तोही ‘संतप्त जमावा’त जमा झाला.

रॉजेट पेशाने वैद्य. १८१८ साली त्याचे मामा सर सॅम्युएल रोमिली यांनी पत्नीवियोगाच्या शोकावेगात स्वतःचा गळा चिरून घेतला, आणि त्यांच्या शुश्रूषेत असलेल्या या भाच्याला काहीही करता आले नाही. १८०५ साली स्वतःपुरती केलेली शब्दांची यादी त्याने वयाची ७३ वर्षे उलटल्यावर, १८५२ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भावनांसाठी स्वतंत्र वर्ग राखून ठेवणाऱ्या या गृहस्थाने ‘ॲजिटेशन’ हे शीर्षक मात्र गतीच्या प्रकरणात दाखल केले आहे. मन कोणाला दिसत नाही, कंप दिसतो, हे वैद्याला पक्के ठाऊक असणार. आणि म्हणूनच माझ्या मनातील त्या कामगाराचा अंगठा मला नेहमी याच पानावर सापडतो.

कागदोपत्री तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या, आणि माझे वरिष्ठही सन्मानाने निवृत्त झाले. बातमी लिहिणाऱ्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे की, जमावाला विशेषण चिकटवण्यापूर्वी त्यातल्या एकाचे तरी हात नीट पाहून घ्यावेत.