सुरांत राहिलेलं बदक

काळ आणि स्मृती मुलांना समजावून सांगता येत नाहीत. त्या ऐकवाव्या लागतात, असं माझं ठाम मत होत चाललंय. सर्गेई प्रोकोफिएव्हची १९३६ सालची संगीतकथा ‘पीटर आणि लांडगा’ हा त्याचा पुरावा. तिच्यात प्रत्येक पात्राचं आपलं वाद्य आहे: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न. लांडगा बदकाला गिळतो. पण शेवटी ओबोची धून पुन्हा उमटते आणि मूल बदकाला ओळखतं. मागचं आठवलं, म्हणूनच आत्ताचं कळलं.

चित्रांच्या पुस्तकात पान उलटून मागे जाता येतं, मग नुसतं ऐकायचं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या सोयीमुळेच आठवणीचं काम हलकं होतं. सरून गेलेला सूर मनातच जपावा लागतो. म्हणून पालकांनो, टीव्ही-मोबाइलचे पडदे बंद करून अशा कथा मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवा.