जीवाश्म नाही, असे लिहिण्याचे धैर्य

विद्यार्थ्यांच्या जीवाश्म-ओळख स्पर्धेसाठी मी दोन महिने नावे घोकली. दामोदर खोऱ्यातील पानाच्या ठशावर ठळक मध्यशीर आणि जाळीदार शिरा दिसल्या, की ग्लॉसोप्टेरिस. मध्यशीर स्पष्ट नसेल, तर गंगामोप्टेरिस. कच्छच्या अमोनाइटच्या नागमोडी संधिरेषा तर स्वप्नातही दिसू लागल्या.

सराव परीक्षेत एका दगडावर नाजूक, काळसर फांद्या होत्या. मी क्षणात ‘नेचा’ असे लिहून मोकळी झाले. सरांनी भिंग पुढे केले आणि म्हणाले, “यात पानाची शीर दाखव.” शीर नव्हतीच. खडकाच्या भेगेत साचलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडची ती नक्षी होती, आभासी जीवाश्म.

माझा उतरलेला चेहरा पाहून सरांनी भीमबेटकाची हकिगत सांगितली. तेथील गुहेत सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा डिकिन्सोनिया सापडल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभर बातम्या झळकल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांनी जागेवर जाऊन जवळून पाहिले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ खडकावरून सुटत चालला होता. ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष होते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मूळ निबंधाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रिटॅलक यांनी ते मान्यही केले.

स्पर्धेच्या दिवशी एका नमुन्यासमोर माझी लेखणी बराच वेळ थबकली. शेजारचे भराभर लिहीत होते. गुण जाण्याची भीती होती. तरीही मी लिहिले, ‘जीवाश्म नाही’, आणि खाली कारणे दिली.

मित्रांनो, नावे अवश्य पाठ करा; पण नाव देण्यापूर्वी हा कधी जीव होता का, हे आधी विचारा.