अम्मीचं पथ्य

आम्ही तीन भावंडं. थोरले भाईजान उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आपा अंबरनाथला आणि धाकट्याचं बिऱ्हाड बदलापूरला. बहात्तराव्या वर्षीही अम्मी लोकलने एकटी तिन्ही घरं फिरायची. 2024 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात चिकुनगुनियाचे रुग्ण वाढले, तेव्हा उल्हासनगरच्या घरी तिलाही ताप चढला. तिथे पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून मोरीत दोन पिंपं कायम भरलेली. दिवसा चावणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि आमच्या पिंपांवर झाकण नव्हतं.

ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. या आजाराचं नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे. अर्थ, वाकून जाणे. 1952 मध्ये टांझानियात तो प्रथम ओळखला गेला, 1973 मध्ये आपल्या बार्शीत मोठी साथ आली, मग तीसेक वर्षं शांतता आणि 2005-06 मध्ये तो देशभर परतला. अम्मीला पाहिल्यावर त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. भिंत धरून वुजूला जायची, नमाज खाटेवर बसून.

मग सुरू झालं पथ्य. भाईजानकडे यखनी केली, तर वासानेच तिला मळमळलं. गोश्त नको, मासळी नको, अंडंही नको. आपाने तिला अंबरनाथला आणलं. तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगू लागला, डाळ वातूळ, चणे-वाटाणे वातूळ, लिंबू-टोमॅटो आंबट, सांधे आणखी धरतील. आम्ही सगळं बंद केलं. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, तो मात्र न चुकता दिला. उरली तांदळाची पेज, साबुदाणा आणि चहा-बिस्किट. असे तीन आठवडे. दुआ चालू होती, पाय चेपणं चालू होतं, तिन्ही घरांतून फोन चालू होते. पोटात काय जातंय, हे कुणी मोजलं नाही.

एका रात्री अडीच वाजता अम्मी न्हाणीघराजवळ पडलेली दिसली. घामाने चिंब, बोलणं अडखळत. घरच्या यंत्रावर साखर मोजली, 54. मधुमेहाची गोळी नेहमीचीच चालू होती आणि रात्रीचं जेवण म्हणजे वाटीभर पेज! गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. हाड मोडलं नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह. वजन मात्र सहा किलोने उतरलं होतं. डॉक्टरांनी तिचा दंड चाचपला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "यांना गोश्त नको असेल तर नको. पण डाळ कुणी बंद केली?"

आम्ही तिघंही गप्प.

तापात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. म्हातारपणी ते लवकर झिजतात आणि भरून यायला महिने लागतात, त्यात अंथरूण धरलं की पाय आधी जातात. उतारवयात, विशेषतः आजारपणात, वजनाच्या दर किलोमागे रोज किमान 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे अम्मीला साठेक ग्रॅम. वाटीभर पेजेत दोन ग्रॅमही नसतात. तीस ग्रॅम मूगडाळीत किंवा मूठभर शेंगदाण्यांत सात, तेवढ्याच सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तिथे हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.) विषाणूला मारणारं अन्न कुठलंच नाही. पपईचा रस त्याच दिवशी बंद झाला. गोळीचं प्रमाणही डॉक्टरांनी बदलून दिलं.

नंतर अम्मी बदलापूरला आली. तिथल्या दस्तरखानावर मूगडाळीची धिरडी, मऊ शिजवलेली मोडाची मटकी, दाण्याचं कूट घातलेला शेवग्याचा पाला. पाला स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायांकडून यायचा. डाळीवर लिंबू परत आलं, कारण त्याने डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणापासून तासभर लांब गेला. नाचणीची आंबील व्हायची. जवाच्या पिठाचा दुधातला तलबीना अम्मीनेच मागितला. आजाऱ्याला तो द्यावा हे तिला हदीसमधून ठाऊक होतं, आम्हीच विसरलो होतो. सोयाबीनच्या वड्यांचा खिमा केला, तेव्हा दोन घास खाऊन तिने विचारलं, "हा कुठल्या बकऱ्याचा?"

एक गोष्ट डाळ-पाल्याने भागली नाही. रक्ततपासणीत बी-12 कमी निघालं. ते वनस्पतींत मिळत नाही, त्यामुळे इंजेक्शनं घ्यावी लागली. पुढे चव परतल्यावर ती अंडं खाऊ लागली. गोश्त अजून आठवड्यातून एखाद्या वेळीच, तेही दात चावतील तेवढं.

डिसेंबरात चार किलो परत आले. थंडीच्या सकाळी बोटं अजून आखडतात, सजदा खुर्चीवरूनच होतो. लोकलने ती पुन्हा फिरते, पण आमच्यापैकी एक जण सोबत असतो आणि तिला ते आवडत नाही. उल्हासनगरच्या पिंपांना झाकणं आली. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासतात, आणि ते काम भाईजान कुणावर सोडत नाहीत.