घरचा टेलिफोन

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी, सातला दोन मिनिटे कमी असता, कर्जत स्थानकावर आमच्या घरचा टेलिफोन वाजला. आमचे घर पुण्यास, सदाशिव पेठेत. आणि आम्ही मुंबईहून परतणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेलो. घाट चढण्यासाठी गाडीस मागून जादा इंजिने जोडण्याचे काम चालले होते, फलाटावर वडेवाले ओरडत होते, आणि आमच्या सदऱ्याच्या खिशातून घरचा टेलिफोन खणखणत होता. आमचा मोबाइल नव्हे. मोबाइलचा क्रमांक निराळा, त्याची घंटा निराळी. वाजत होता तो घरचाच, ज्याच्या आरंभी पुण्याचे 020 लावावे लागते तो.

पलीकडे मिरजेची मावशी होती. "अरे, सात वाजायला आले. घड्याळापाशी धर बघू," ती म्हणाली.

या साध्या मागणीने आम्हांस पावसाळी हवेतही घाम का फुटला, हे सांगण्यापूर्वी घरचा टेलिफोन खिशात कसा आला ते सांगणे प्राप्त आहे.

आमच्याकडे टेलिफोन आला तो 1986 साली. वडिलांनी नोंदणी केल्यानंतर नऊ वर्षांनी. काळे, जड, तबकडी फिरवावयाचे यंत्र. त्याच्याकरिता तिवई करवून घेतली गेली, आईने त्यावर घालण्यास क्रोशाचा रुमाल विणला, आणि पहिल्या महिन्याचे बिल पाहून वडिलांनी तबकडीस एक चिमुकले कुलूप आणले. वाड्यातील चार बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर आमचा क्रमांक 'पी. पी.' या दोन अक्षरांसह छापला जाई. कोणाचा टेलिफोन आला की आम्हांस जिना उतरून हाक मारीत जावे लागे, आणि आलेला माणूस बोलत असता ऐकू येत नसल्यासारखे तोंड करून बसावे लागे. अशा रीतीने शेजाऱ्यांचे दोन साखरपुडे व एक घटस्फोट आम्हांस इतरांच्या आधी कळला होता. पुढे सहा आकड्यांचा क्रमांक सातांचा झाला, सातांचा आठांचा झाला. काळे यंत्र जाऊन बटणांचे आले. आई-वडील दोघेही गेले. क्रमांकाचे शेपूट मात्र तेच राहिले.

चार वर्षांपूर्वी तांब्याची तार काढून कंपनीच्या माणसाने काचेचा केसाएवढा तंतू आत आणला. त्यातूनच इंटरनेट आणि त्यातूनच टेलिफोन. तो तंतू एका पांढऱ्या डबीत शिरतो, डबीपासून तिवईपर्यंत जुनीच वायर जाते. त्याच दिवाळीत आमचा भाचा आला. त्याने आमच्या मोबाइलमध्ये कंपनीचे एक ॲप बसविले, आलेले सांकेतिक अंक त्यात घातले, आणि "मामा, आता घरचा फोन तुमच्या खिशात," असे सांगून तो फराळाकडे वळला.

आम्ही शिकविणारे इंग्रजी वाङ्मय. तथापि, कळत नसलेली वस्तू खिशात बाळगणे आम्हांस रुचत नाही. म्हणून या यंत्राचे थोडे वाचन केले, आणि जे कळले त्याने आम्ही चकित झालो. आमची समजूत अशी की, आपला क्रमांक हा आपल्या तारेचा क्रमांक असतो. तार आपल्या भिंतीतून आत येते, म्हणून क्रमांक आपल्या घराचा. एके काळी ते खरेही होते. आता क्रमांक तारेत नसतो. तो कंपनीच्या कोठल्यातरी संगणकात एका हजेरीपटावर मांडलेला असतो. घरातली पांढरी डबी ठराविक वेळाने त्या संगणकास "हजर" म्हणून कळविते. आमचा मोबाइलही, तो जेथे असेल तेथून, "हजर" म्हणतो. हजेरीस मुदत असते. ती संपण्यापूर्वी पुन्हा हजेरी द्यावी लागते. कोणी आमचा क्रमांक फिरविला की संगणक पटावरच्या सर्व हजर यंत्रांस एकदम हाक मारितो. जे आधी उचलील त्याच्याशी बोलणे जोडून देतो आणि बाकीच्यांस गप्प करितो. या हजेरीचे व हाकेचे नियम प्रथम 1999 साली प्रसिद्ध झाले व 2002 साली सुधारून पक्के झाले. त्यांच्या कर्त्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हेनिंग शुल्झरिन हे एक अध्यापक होते. बोलणे जुळले म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे होतात, सामान्यतः सेकंदास पन्नास, आणि प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखा आपापला निघतो.

तीस वर्षे हजेरी घेत आलेल्या माणसास यातली मेख ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. मागच्या बाकावरून गैरहजर मित्राच्या नावाला "येस सर" म्हणणारी मुले आम्ही कितीतरी पकडली आहेत. आमचा मोबाइल नेमके तेच करीत होता. कुलूप लावलेल्या घराच्या वतीने तो "हजर" म्हणत होता.

जुन्या तारेस ही लबाडी येत नव्हती. तिच्यातली सुमारे 48 व्होल्टची वीज टेलिफोनच्या केंद्रातून येई; त्यामुळे गावात दिवे गेले तरी टेलिफोन चाले, आणि घरात माणूस नसला तर तो नुसता वाजत राही. किती वेळ वाजला यावरून लोक समजून घेत. आता उलटे आहे. दिवे गेले की पांढरी डबी मरते व तिवईवरचे यंत्र मुके होते. पण मोबाइलची हजेरी स्वतंत्र असल्यामुळे घराचा टेलिफोन घराबाहेर बोलतच राहतो. दोन वर्षांखाली मोठ्या पावसात आमची पेठ रात्रभर अंधारात होती. आम्ही त्या वेळी नागपुरास परीक्षेच्या कामी होतो, आणि तेथल्या अतिथिगृहातील दिव्याच्या लख्ख प्रकाशात आमच्या अंधाऱ्या घराच्या वतीने मावशीशी पंधरा मिनिटे बोललो.

मावशीमुळेच हा टेलिफोन राहिला आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तो काढून टाकावा म्हणून कितीदा सुचविले. त्यावर येतात ते बहुधा कर्ज घ्या म्हणून गळ घालणारे. पण मावशी आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिला आमच्या घरचा क्रमांक पाठ आहे. मोबाइलचा पाठ होत नाही. 2021 च्या 15 जानेवारीपासून घरच्या टेलिफोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. ते शून्य धरून अकरा आकडे होतात. 020 धरून आमच्या घरचेही अकराच. हे आम्ही तिला मोजून दाखविले. "पाठ आहे ते पाठ आहे. मोजून काय पाठ होतं?" असे तिने विचारले, आणि आम्हांस उत्तर सुचले नाही.

तिच्या माहेरचे शेवटचे काही उरले असेल तर ते आमच्या दिवाणखान्यात आहे. आजोबांचे मिरजेचे घर विकले गेले तेव्हा भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ आईच्या वाट्यास आले. त्याला आठ दिवसांनी किल्ली द्यावी लागते. दर तासाला ते ठोके देते, आणि ते ठोके सुरात आहेत असे मावशीचे म्हणणे आहे. तिचे बालपण सतारमेकर गल्लीच्या जवळ, तंबोरे जुळविण्याचे आवाज ऐकत गेले. तेव्हा या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची आमची प्राज्ञा नाही. आई गेल्यापासून तिला केव्हा केव्हा ते ठोके ऐकण्याची लहर येते. मग ती सातच्या आधी टेलिफोन करते व आम्ही तिवईवरचे यंत्र, वायर पुरेल तितके, घड्याळाकडे धरितो. एकदा आळसाने मोबाइल धरून पाहिला. "पोत्यात घातल्यासारखं वाजतंय," ती म्हणाली. ते खरे होते. माणसाचा आवाज तेवढा ठेवून भोवतालचा गलबला गाळून टाकावा, अशी मोबाइलची रचना असते; आणि आजोबांचे घड्याळ त्याच्या लेखी गलबला.

ॲप आले तेव्हा आम्हांस निव्वळ आनंद झाला. मावशीचा टेलिफोन आता वाया जाणार नव्हता. पहिल्यांदा तो महाविद्यालयात असता आला, तेव्हा तिने विचारले, "जेवलास का?" आम्ही जेवलो होतो, तसे सांगितले. यात खोटे काहीच नव्हते. मग तिने विचारले, "बाहेर पाऊस आहे का रे?" आम्ही खिडकीबाहेर पाहून "आहे" म्हटले. तेही खरेच, मात्र खिडकी महाविद्यालयाची होती. पुढच्या खेपेस तिने अंगणातल्या प्राजक्ताची चौकशी केली, आणि आम्ही सोलापुराहून प्राजक्ताचे वर्णन केले. खोटेपणाला इतक्या सोप्या पायऱ्या असतील अशी आम्हांस कल्पना नव्हती. "मी बाहेर आहे" हे तीन शब्द म्हणण्यास काय हरकत होती? हरकत एवढीच, की मग हे कसे ते समजावून सांगावे लागले असते. आणि तिने घरचा क्रमांक फिरविला म्हणजे ती घरी येते, असे जे तिला वाटत असे, ते मोडले असते. निदान आम्ही स्वतःस तसे सांगत होतो. खरे सांगावयाचे तर, आम्हांस त्या सोंगाची गोडीही लागली होती. सोलापूरच्या उन्हात बसून आपल्या घराच्या खोल्यांतून मनाने हिंडावे, शिंकाळे, कोनाडा, देवघर सारे जागच्या जागी आहे असे तिला सांगावे, यात एक सुख होते. शिंकाळे काढून टाकल्याला वीस वर्षे झाली.

घड्याळाची वेळ तेवढी सांभाळावी लागे. बाहेरगावी असता तिचा टेलिफोन सातच्या अगोदर आला, की पाच मिनिटे कमी असतानाच "दारावर कोणी आलंय" असे म्हणून आम्ही निरोप घेत असू.

कर्जतला दोनच मिनिटे उरली होती. सौभाग्यवती मुलीकडे बंगळुरास, घरास कुलूप. "घड्याळापाशी धर," ती पुन्हा म्हणाली. आमच्या खिडकीपाशी येऊन एका वडेवाल्याने आरोळी ठोकली. आम्ही मोबाइलवर हात झाकला, आणि मग तोंडातून निघून गेले, "मावशी, घड्याळ बंद आहे."

पलीकडे काही वेळ शब्द नाही.

"बंद? केव्हापासून?"

"दोन दिवस झाले."

"किल्ली दिली नव्हतीस का?"

आम्ही काही पुटपुटलो. गाडी हलली. "अप्पा वारले त्या रात्रीसुद्धा आईनं ते बंद पडू दिलं नव्हतं रे," ती म्हणाली. त्यापुढे ती आणखी काय बोलली ते कळले नाही. घाटातला पहिला बोगदा आला आणि सेकंदास पन्नास या हिशेबाने येणारी पाकिटे यायची थांबली.

घरी पोहोचलो तेव्हा दहा वाजावयास आले होते. कुलूप काढून आत पाऊल टाकतो तो काळोखात लंबकाचा आवाज नेहमीसारखा चाललेला. दिवा न लावता आम्ही खुर्चीवर बसून राहिलो. दहा वाजले. ते दहा ठोके ऐकण्यासारखे नव्हते.

सकाळी सातला दहा मिनिटे असता आम्ही तिवईवरून मिरजेस टेलिफोन लावला. "दुरुस्तीला टाकलंस का?" हाच पहिला प्रश्न. मग आम्ही सांगितले, की घड्याळ बंद नव्हते. आम्हीच बाहेर होतो. कोठे, ते सांगितले नाही. घरचा टेलिफोन खिशात कसा येतो, हेही जमेल तसे सांगितले. हजेरीपटाचा दृष्टान्त दिला. तिने सर्व ऐकून घेतले. शिक्षकाच्या लेकीस हजेरीपट समजण्यात अडचण नव्हती. तिने एवढेच विचारले, "मग आजवर जे ठोके ऐकवलेस, ते?"

"ते खरे होते, मावशी. ते घरूनच."

"आणि प्राजक्त?"

आम्ही गप्प राहिलो. तेवढ्यात घड्याळ वाजू लागले. आम्ही घाईने यंत्र त्याच्याकडे नेले, पण पहिले दोन ठोके निसटले. तिने पाच ऐकले. "बरं," असे म्हणून तिने टेलिफोन ठेवला.

त्यानंतर तीन आठवडे तिचा टेलिफोन आला नाही. ॲप काढून टाकावे असे मनात आले. भाच्यास विचारले, तर तो म्हणाला की एक बटण दाबले म्हणजे झाले. ते बटण आम्ही अजून दाबलेले नाही. तिला रात्री-अपरात्री काही झाले आणि शेजाऱ्यांनी तिच्या वहीतला पहिला क्रमांक फिरविला, तर तो आमचाच असणार. आणि आम्ही महिन्यातले दहा दिवस बाहेर. तो क्रमांक रिकाम्या घरात वाजत राहावा हे आमच्याने होणार नाही.

मग एके दिवशी टेलिफोन आला. पूर्वी ती एकदम बोलण्यास आरंभ करीत असे. जो टेलिफोन घरात आहे त्यावर बोलणारा कोठे आहे, हे विचारण्याचे तिला कधी कारण पडले नव्हते. आता तिचा पहिला प्रश्न असतो, "कुठं आहेस?" आम्ही असू ते ठिकाण सांगतो. लातुरास असलो तर लातूर म्हणतो. मग ती लातूरच्या पावसाची चौकशी करते, प्राजक्ताची करीत नाही.

मागल्या गुरुवारी तिने विचारले, "कुठं आहेस?"

"घरी."

"धर मग."

आम्ही वायर ताणून यंत्र घड्याळाकडे धरिले. सात ठोके पुरे झाले. यंत्र कानाला लाविले, तरी ती काही वेळ बोलली नाही.

"अरे," ती मग म्हणाली, "त्या दिवशी तो कर्जतचा वडा घेतलास का?"

"घेतला होता," आम्ही म्हणालो. "दोन घेतले."

"तुझी आई चार आणायची," ती म्हणाली, आणि टेलिफोन ठेवला.