समुद्राच्या कडेकडेने रत्नागिरीपर्यंत

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी चर्चा सुरू होते. कोणी गोवा म्हणतो, कोणी महाबळेश्वर. आमचे वाचकांना सांगणे असे की, एकदा तरी सहकुटुंब मुंबईहून समुद्राच्या कडेकडेने रत्नागिरीपर्यंत जावे. आपल्यापैकी कितीतरी घरांची मुळे रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत आहेत. आपले आजे-पणजे तिथून मुंबईला आले ते पोटासाठी. गोदीत, गिरणीत, पालिकेत लागले आणि मग गावाकडे जायचे ते लग्नाला किंवा मयताला. समुद्र पाहायला म्हणून कोण गेले? आता नातवंडे चार पैसे मिळवतात, दाराशी गाडी आहे, तेव्हा हा किनारा निवांतपणे पाहण्याचा हक्क आपण बजावलाच पाहिजे.

मात्र या प्रवासाला आखणी लागते. महामार्गाने जाणाऱ्याला फक्त पेट्रोल आणि वेळ यांचा हिशेब करावा लागतो. किनाऱ्याने जाणाऱ्याला चंद्राचाही करावा लागतो. कोकणच्या किनाऱ्याला दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. मोबाइलवरच्या नकाशात पलीकडचे गाव बोटभर अंतरावर दिसते, पण जमिनीवरून जायचे तर दोन-अडीच तासांचा वळसा पडतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी गाडीसकट माणसे पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. मुलांना तर सगळ्या प्रवासात हीच मोठी गंमत वाटते. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल व्हायचे आहेत. ते झाले की वेळ वाचेल, पण बोटीवर गाडी चढवण्याची मजा जाईल. तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी लवकर जावे!

भरती-ओहोटीचे एक सोपे गणित आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला शिकवले, ते इथे देतो. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, येईल तितके तास बारा वाजल्यापासून मोजावेत. ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. अमावास्येला नि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते आणि पाण्याला उधाणही असते. लहान मुले बरोबर असतील तर पंचमी ते अष्टमीचे दिवस निवडावेत. पाण्याचा जोर कमी असतो आणि सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत वाळू मोकळी मिळते. (आपण पंचांग उघडायचे ते मुहूर्तासाठी नव्हे, चंद्रासाठी. तेवढ्यासाठी ते चांगले आहे.)

पाण्याची चेष्टा मात्र करू नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. धडधाकट तरुण मुले होती ती. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. गावातला कोळी ‘इथे उतरू नका’ म्हणाला की उतरू नये. त्याच्याशी वाद घालू नये. गाडीही वाळूवर नेऊ नये, चाके रुततात आणि भरती काही थांबत नाही.

मुंबईहून निघताना आता दोन नव्या सोयी आहेत. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे बावीस किलोमीटरचा सागरी पूल खुला झाला. या पुलावर दुचाकीला परवानगी नाही, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर त्यांना भाऊच्या धक्क्यावरच्या जुन्या कोकणबोटींच्या आठवणी जरूर विचाराव्यात. डेकवर बसून, बोचकी उराशी धरून दाभोळ, जयगड, रत्नागिरीला जाणारी ती माणसे! 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसे गेली.

अलिबाग, मुरूड, जंजिरा यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की आम्ही भर घालत नाही. राजपुरीहून होडीने किल्ला पाहावा आणि पुढे निघावे. पण इथे एक निर्णय घ्यायचा आहे. आगरदांड्याला फेरीबोट धरली तर थोड्याच वेळात दिघीला उतरता येते. आमचा सल्ला असा की, चार खाड्यांपैकी ही एक खाडी बोटीने ओलांडू नये, तिला वळसा घालावा. कारण या राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाला मांदाड आहे आणि मांदाडजवळ डोंगरात कुड्याची लेणी आहेत.

कार्ले, अजिंठा सर्वांना ठाऊक. कुड्याला फारसे कोणी जात नाही. वीस-पंचवीस लेणी, समोर खाडीचे शांत पाणी, खाली भातशेती. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथातले मंदगोर बंदर ते हेच, असे काही अभ्यासक मानतात. जहाजे खाडीतून आत येत, माल उतरे आणि घाटावर जाई. त्या व्यापारावर ही लेणी उभी राहिली. इथल्या ब्राह्मी लेखांत दाने देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. महाभोज घराण्यातली माणसे आहेत हे तर खरेच, पण त्यांच्या शेजारी माळी आहे, वैद्य आहे, करहाकटचा म्हणजे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. राजघराणे आणि माळी एकाच डोंगरात, एकाच लिपीत! आमच्या नातीने विचारले, “आबा, माळ्याचं नाव एवढी वर्षं कसं काय टिकलं?” दगडात कोरलेले टिकते, एवढेच आम्ही तिला सांगितले. पाणी, खाऊ बरोबर न्यावे. वर काही मिळत नाही. आणि कचरा परत आणावा, हे सांगायला नकोच.

पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या पोफळीच्या बागा झोपवल्या. नवे झाड फळाला यायला वर्षे लागतात, तेव्हा बागायतदाराशी दोन शब्द बोलावेत, सुपारी त्याच्याकडूनच घ्यावी.

आता मुक्कामाविषयी, आणि हे आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो. किनाऱ्यावर आता घरगुती निवासाची सोय गावोगाव आहे. जेवण चांगले, दर बेताचे. आमची आखणी चालली असताना एका गावी फोन लावला. खोल्या आहेत म्हणाले. मग ‘नाव काय, आडनाव काय, मूळ गाव कुठले’ असे विचारत गेले. आम्ही सरळ सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग त्या तारखांना खोल्या भरल्याचे त्यांना आठवले! संध्याकाळी आमच्या मुलाच्या एका मित्राने त्याच तारखांसाठी विचारले, तर दोन खोल्या मिळत होत्या. गावाचे नाव आम्ही देत नाही. एका घरावरून गाव ओळखू नये. पुढच्याच गावी एका भंडारी कुटुंबाने आम्हाला दोन दिवस असे ठेवले की, निघताना आमच्या सौभाग्यवतीने आणि त्या घरच्या बाईंनी एकमेकींना मसाल्याच्या पाककृती लिहून दिल्या.

यावर काहीजण म्हणतात, आडनाव सांगूच नये, कशाला डोक्याला ताप? आम्हाला ते पटत नाही. पूर्ण नाव आधीच लिहून कळवावे, होकार लेखी घ्यावा, मगच पैसे पाठवावेत. ज्याला नको असेल त्याला आधीच कळेल आणि आपली रात्र त्याच्या छपराखाली जाणार नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच कलमात पुढच्या ओळीत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. ते कलम मुलांना गाडीत मोठ्याने वाचायला लावावे. पुढे महाडला पोहोचल्यावर समजावून सांगण्याचे निम्मे काम झालेले असते.

हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला गाडी बोटीवर चढवली की बाणकोटच्या खाडीपलीकडे, वेसवीला, रत्नागिरी जिल्हा लागतो. इथून दोन वाटा. एक किनाऱ्याने वेळास, केळशी, आंजर्ले अशी हर्णैला जाते. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास कासवाची पिल्ले समुद्रात सोडतात, तो सोहळा पाहण्यासारखा असतो. दुसरी वाट आत मंडणगडला जाते आणि मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे, सकपाळ घराण्याचे मूळ गाव. आम्ही आधी मंडणगडची वाट धरावी असे म्हणू. डोंगराआडचे लहान गाव. राष्ट्रपती रामनाथ कोविंद 12 फेब्रुवारी 2022 रोजी इथे येऊन गेले. स्मारकात बसावे, आणि मग गावातून थोडे पायी हिंडावे. या लाल मातीतून सुभेदार रामजींसारखी माणसे पलटणीत का गेली, हे ती चढाची, कातळाची जमीन पाहिल्यावर कळते.

पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर दापोलीला राहत. म्हणून जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. रामजींचे कुटुंबही काही काळ इथे होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतलेच. त्यांनी दापोलीत ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. दापोलीला लोक थंड हवेसाठी जातात. या गल्ल्यांतून हे लिहिणारा माणूस चालत होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

दापोलीजवळ वणंद आहे, रमाईंचे माहेर. त्यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 चा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. वणंदला स्मारक आहे, ते पाहून त्याच दिवशी दाभोळला जावे, असा क्रम आम्ही ठेवला आणि तोच ठेवावा. दापोलीपासून दाभोळ पंचवीसेक किलोमीटर. शेवटी रस्ता खाडीकडे उतरतो. धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत गाड्यांची रांग असते, मुले आइसक्रीम मागतात, वासाने कोणी नाकाला रुमाल लावतो. आमच्या आक्का, वय ब्याऐंशी, गाडीतून उतरल्या, काठी टेकत धक्क्याच्या टोकाशी गेल्या आणि म्हणाल्या, “ह्या वासात तिचा बा राबला, आणि तुमी नाकाला फडकी लावता?” रुमाल खिशात गेले. पलीकडे धोपाव्याला उतरेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

मासळीचा बाजार पाहायचा तर हर्णैचा पाहावा. सुवर्णदुर्गासमोर वाळूवर लिलाव चालतो, सकाळी आणि दुपारनंतर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बंदर ओस पडलेले असते.

गुहागरचा लांब किनारा, मग तवसाळ-जयगडची बोट, मालगुंडला केशवसुतांचे घर, आणि रत्नागिरी. रत्नागिरीत थिबा राजवाडा चुकवू नये. सोमवार सोडून जावे. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचे राज्य घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवले. राजवाडा पुरा झाला 1910 मध्ये, 1916 मध्ये राजा वारला. त्याचे वडील मिंडॉन यांनी मंडालेत 1871 मध्ये पाचवी धम्मसंगीती भरवली होती आणि सबंध त्रिपिटक 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. अशा घरातला राजा तीस वर्षे इथून दुसऱ्याच समुद्राकडे पाहत राहिला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते.

परतीला महामार्ग धरावा. कशेडी घाटात बोगदा झाल्याने तो भाग आता हलका झाला आहे. रत्नागिरीहून पहाटे निघाले तर दुपारपर्यंत महाड येते. काहीजण महाड जाताना करतात, पण तेव्हा मुलांचे लक्ष समुद्राकडे असते. येताना ती शांत असतात. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांना तारखा सांगाव्यात. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, नगरपालिकेने तळे खुले केले पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर कोर्टात दहा वर्षे, आणि 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाचा निकाल. रमाई 27 मे 1935 लाच गेल्या होत्या, हा निकाल त्यांनी पाहिला नाही.

20 मार्चला आणि 25 डिसेंबरला इथे मोठा समुदाय असतो. वृद्धांना घेऊन निवांत यायचे तर हे दिवस टाळावेत, आणि एकदा तरी त्याच दिवशी यावे. वेळ उरला तर महाड सोडताना गंधारपाल्याची लेणी महामार्गाला लागूनच आहेत. चढ आहे, पायऱ्या आहेत. आमच्या आक्का खाली चहाच्या टपरीवर बसल्या, बाकीचे वर जाऊन आले. संध्याकाळी पाचच्या आत महाड सोडावे, म्हणजे पुढच्या वाहतुकीतून वाट काढत रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येते.