लालबागची मिरची गल्ली

चैत्र सरत आला की मुंबईत लालबागची मिरची गल्ली शोधायला पत्ता लागत नाही. ठसका लागला की समजावे, आलो! वर्षाच्या मसाल्याची बेगमी येथे अजून एकदाच होते. रंगाला सुरकुतलेली बेडगी, तिखटाला संकेश्वरी. पण कोणती किती, हे प्रमाण घरोघर निराळे, आणि प्रत्येकीच्या मते आपलेच खरे. मिरच्या कडक उन्हात वाळवायच्या, धणे-दगडफूल भाजायचे, मग कुटायला द्यायचे. तिथे मात्र बायका हलत नाहीत. शेजारणीचा मसाला आपल्यात मिसळला तर वर्षभराची आमटी बिघडायची! (पुरुषांनी पिशव्या धराव्यात, मत देऊ नये.)

१९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे गिरण्या मिटल्या, चाळीतली कुटुंबे विरार-बदलापूरकडे पांगली. तरी मे महिन्यात आजीबाई लोकलने येतात आणि दहा माणसांच्या हिशेबानेच मिरच्या घेतात. घरी खाणारी दोघेच. बाकीचा मसाला हिंगाचे खडे घालून डब्यांत भरायचा, एकेक डबा प्रत्येक लेकाकडे, लेकीकडे. धाकटीचा जरा मोठा. तिच्याकडे पाहुणे फार.